नसलेल्या हाताचा नकाशा

हात काढायची तारीख ठरली आहे. त्याआधी एमआरआय यंत्रात पडून तो माणूस त्याच हाताची बोटं एकेक करून हलवतो, मग ओठांचा चंबू करतो. अशा तिघांचा मेंदू संशोधकांनी शस्त्रक्रियेआधी पाहून ठेवला. नंतर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा पाहिला. एकाचा तर पाच वर्षांनीसुद्धा. 2025 साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये निष्कर्ष आले. नसलेली बोटं हलवताना मेंदूत जे उमटत होतं, ते हात असतानाच्या चित्राशी विलक्षण जुळत होतं.

काढलेला अवयव जागेवरच असल्याची जाणीव बहुतेकांना होते. पुष्कळांना तो दुखतोही: आग होते, पेटके येतात, मूठ इतकी आवळली जाते की नखं तळव्यात रुतावीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी 1871 मध्ये त्याला ‘फँटम लिंब’ म्हटलं. आपल्याकडे मधुमेहामुळे पाय काढलेले आजोबा “अंगठा ठणकतोय” म्हणतात, घरचे एकमेकांकडे बघतात, आणि आजोबा पुन्हा तो विषय काढत नाहीत. म्हणून स्पष्टच सांगतो: ही वेदना खरी आहे. वेड नाही, भ्रम नाही.

ती येते कुठून? मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा असतो आणि त्यात हाताशेजारी चेहरा येतो. हाताच्या नसा तोडून दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या माकडांच्या मेंदूत चेहऱ्याच्या स्पर्शाला हाताचा भाग प्रतिसाद देतो, असं 1991 मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या तरुणाच्या गालावर कापसाचा बोळा फिरवला, तर त्याला नसलेल्या हातावर स्पर्श जाणवला. 1995 मध्ये हर्टा फ्लोर यांच्या गटाला आढळलं, की ही उलथापालथ जितकी जास्त तितकी वेदना जास्त. शेजाऱ्याने रिकामी जागा बळकावली, त्या गोंधळातून दुखणं आलं, असं चित्र पाठ्यपुस्तकांत पक्कं झालं.

चूक प्रश्नात होती. खोलीत कोणी आहे का, हे शेजाऱ्यांनाच विचारलं जात होतं. दार कोणी ठोठावलंच नाही. नसलेल्या हाताला स्पर्श कसा करणार? पण तो हलवायला सांगता येतं, आणि टॅमर मेकिन यांच्या गटाने 2013 मध्ये तेच केलं आणि दाखवून दिलं, की हात जाऊन कित्येक वर्षं झाली तरी त्याचा भाग जागा असतो. गालावरच्या स्पर्शाचा अनुभव खोटा नव्हता, मात्र तो सगळ्यांना येत नाही. नव्या अभ्यासाने आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं. ओठांचा भाग हाताच्या जागेत पसरलेला नव्हता.

याचा अर्थ उपचारांपर्यंत पोचतो. धडधाकट हाताचं प्रतिबिंब दाखवून नसलेला हात ‘हलवणारा’ आरसा काहींना आराम देतो, तो त्यांनी जरूर वापरावा. पण बिघडलेला नकाशा दुरुस्त करणं हेच उपचाराचं ध्येय मानायला आता आधार उरत नाही. लक्ष पुन्हा थोटकातल्या नसांकडे वळतं. कापलेल्या नसेची टोकं वाढायला धडपडतात, त्यांच्या गाठी होतात आणि तिथून चुकीचे संदेश वर जात राहतात. त्या टोकांना जवळच्या स्नायूतली नस जोडून देण्याची शस्त्रक्रिया आता होते. अवयव काढतानाच ती करता येते. तारीख ठरवतानाच सर्जनला विचारावं: नसांचं काय करणार?