म्हातारपणाचा एक साधा दिवस
लेखमाला : वाढते वय समजून घेताना – भाग 6

गेल्या आठवड्यात आपण आकडे पाहिले. 2011च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेली माणसे 10 कोटी 38 लाख होती आणि तेव्हापासून हा आकडा वाढतच आला आहे. आजचा प्रश्न त्यापुढचा. या माणसांचा दिवस जातो कसा? सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत त्यांना काय जमते, काय अडते, ती कोणासाठी काय करतात आणि कशासाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहतात? आजाराची नोंद दवाखान्यात होते, मृत्यूची ग्रामपंचायतीत. साध्या दिवसाची नोंद सहसा कुठेच होत नाही. ती करण्याच्या पद्धती मात्र समाजशास्त्राकडे आहेत. वर्ध्याला लागून असलेले नालवाडी हे गाव समोर ठेवून आज त्या पाहू.

नालवाडीच का, तर रोजच्या जगण्याचा प्रयोग तिथे फार पूर्वी झाला आहे. 1932च्या अखेरीस विनोबा भावे वर्ध्याचा आश्रम सोडून नालवाडीच्या दलित वस्तीत राहायला गेले. सूत कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तेवढ्यावर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी स्वतः तासन्‌तास कातून, त्याच कमाईत जेवण बसवून पाहिले. मजुरी अपुरी आहे हे कोणीही हिशेब मांडून सांगू शकले असते. पण दिवसभर बसून पाठीचे काय होते, ताटात काय उरते, हे त्या दिवसातून गेल्याशिवाय कळत नाही. 1938मध्ये प्रकृती खालावल्यावर ते पवनारला धाम नदीकाठी गेले. त्यांचा हेतू संशोधनाचा नव्हता, साधनेचा होता. तरीही समाजाचा अभ्यास करणाऱ्याला त्यातून एक शिस्त मिळते : ज्याच्या जगण्याबद्दल बोलायचे, त्याच्या दिवसात आधी शिरायचे.

वार्धक्याच्या बाबतीत ही शिस्त अमेरिकेतल्या एका बाईने जवळजवळ शब्दशः पाळली. पॅट्रिशिया मूर वस्तूंचे डिझाइन करत असे. 1979मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिने म्हातारीचे सोंग घेतले. नजर धूसर करणारा चष्मा, कानांत बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून हातापायांना पट्ट्या. गरीब म्हातारीपासून श्रीमंत म्हातारीपर्यंत वेगवेगळ्या रूपांत ती 1982पर्यंत अमेरिका आणि कॅनडातल्या शंभराहून अधिक शहरांत हिंडली. बाटलीचे झाकण, बसची पायरी, दुकानदाराची घाई हे सगळे तिला नव्याने भेटले. पट्ट्या त्याच आणि चष्माही तोच, पण समोरचा माणूस कसा वागतो यावर तिचा दिवस सोपा किंवा अवघड ठरत होता. या प्रयोगाची मर्यादाही उघड आहे. संध्याकाळी तिला पट्ट्या सोडता येत होत्या. ज्यांना त्या सोडता येत नाहीत त्यांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही, आणि विचारायचे तर प्रश्न नेमके हवेत.

प्रश्नांची पहिली मोठी यादी 1963मध्ये सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि घास तोंडात घालणे अशी सहा कामे त्यात होती. 1969मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी पुढची पायरी मांडली : फोन करणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे, पैशांचे व्यवहार. पहिली यादी शरीर सांभाळण्याची, दुसरी संसार सांभाळण्याची. आजही जगभरातल्या सर्वेक्षणांचा कणा याच दोन याद्या आहेत.

आता दुसरी यादी वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या घरात नेऊन पाहा. आयुष्यभर वखर-डवरा हाकलेल्या आजोबांना विचारले, “स्वयंपाक करता येतो का?” ते म्हणतील, नाही. ही वयाची असमर्थता की जन्मभराची सवय? शेजारच्या आजींना विचारले, “पैशांचे व्यवहार स्वतः करता का?” त्याही नाही म्हणतील, कारण बँकेचे पुस्तक आधी नवऱ्याकडे होते, आता मुलाकडे आहे. मूळ यादी करणाऱ्यांनाही ही अडचण दिसली होती. सुरुवातीला पुरुषांचे गुण मोजताना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे वगळले जात असे. पण मोजपट्टीत तीन रकाने कमी केल्याने प्रश्न सुटत नाही. जमत नाही, करू दिले जात नाही आणि कधी करावेच लागले नाही, या तीन उत्तरांवर जर एकच खूण पडत असेल, तर त्या खुणेवरून म्हातारपणाबद्दल काहीच कळत नाही.

यावर भारतात एक चांगले काम झाले. हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचा अभ्यास चालू असताना संशोधकांच्या लक्षात आले की, अक्षरओळख नसलेल्या, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वृद्धांना परदेशी प्रश्नावली लागूच पडत नाही. मग त्यांनी गावच्या जगण्यातून नवे प्रश्न घडवले. गावात वाट चुकते का? आपण जेवलो की नाही याचा विसर पडतो का? होळी-दिवाळी लक्षात राहते का? घरातल्या लग्नासारख्या मोठ्या गोष्टीत मत देता येते का? 1999मध्ये ही भारतीय मोजपट्टी प्रसिद्ध झाली. यातला शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो स्मरणशक्ती तपासण्यासाठी होता, पण घरात त्या माणसाचे स्थान काय, हेही त्यातून कळते. आपल्याकडे हीच यादी करायची तर पोळा आणि तान्हा पोळा येईल, कापसाची वेचणी येईल, आठवडी बाजार येईल.

देशपातळीवरचा सगळ्यांत मोठा प्रयत्न मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केला. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीची पहिली फेरी 2017-18मध्ये झाली. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाची 72 हजारांहून अधिक माणसे तिच्यात आहेत. प्रश्न तर विचारलेच, शिवाय हाताच्या पकडीची ताकदही मोजली. त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा भेटायचे, अशी तिची आखणी आहे. त्यामुळे साठीचा माणूस सत्तरीकडे जाताना नेमके काय बदलते, हे कळण्याची सोय प्रथमच होते.

या पाहणीनुसार भारतातले साठीपुढचे सुमारे 6 टक्के लोक एकटे राहतात. हा आकडा वाचून बरे वाटते : बाकीचे सगळे माणसांत आहेत. पण इथे थांबायला हवे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीत पेन्शनीच्या वयाच्या 203 जणांच्या मुलाखती घेऊन 1957मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शहरातली कुटुंबे मोडली आणि म्हातारे वाऱ्यावर पडले, असे तेव्हा सगळे धरून चालले होते. टाउनसेंडना उलट चित्र दिसले. बहुतेक वृद्ध मुला-नातवंडांच्या रोजच्या ये-जा करण्यात गुंतलेले होते, आणि आज्या नुसती मदत घेत नव्हत्या, देतही होत्या. त्यांनी आणखी एक सूक्ष्म गोष्ट नोंदवली. माणूस एकटा राहतो म्हणून एकाकी असतोच असे नाही. ज्याची जिवाभावाची सोबत अलीकडेच तुटली आहे, त्याला एकाकीपणा अधिक ग्रासतो. म्हणजे भरल्या घरात, गेल्या वर्षी जोडीदार गेलेला माणूस ‘एकटा राहत नाही’ या रकान्यात बसतो आणि पाहणीच्या नजरेतून निसटतो. घरात माणसे किती, या प्रश्नाला जोडून “कालपासून तुमच्याशी निवांत कोण बोलले?” हाही प्रश्न यायला हवा.

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. 2015मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वार्धक्यावरचा अहवाल काढला. माणसाला हवे ते करता येण्याची क्षमता दोन गोष्टींवर ठरते, अशी मांडणी त्यात आहे : शरीर-मनातले बळ आणि भोवतालची परिस्थिती. त्याआधी 2007मध्ये याच संघटनेने जगातल्या 33 शहरांतल्या वृद्धांना बोलते करून वृद्धस्नेही शहरांची मार्गदर्शिका तयार केली होती. त्या शहरांत भारतातली दिल्ली आणि उदयपूर होती. तिथल्या यादीत बाके होती, शौचालये होती, पदपथ होते, बस होती, आणि लोकांकडून मिळणारा मानही होता.

वर्धा परिसरात याचा अर्थ सहज उलगडतो. महाराष्ट्रात ऑगस्ट 2022पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 65 ते 75 वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण तिकीट शून्य झाले तरी गाडीची पहिली पायरी उंचच राहते, आणि फलाट सोडून पुढे थांबलेल्या गाडीमागे गुडघे धावत नाहीत. श्रावणबाळ योजनेतून 65 वर्षांपुढच्या गरीब वृद्धांना दरमहा 1500 रुपये मिळतात. ते काढताना अनेकदा अंगठा लावावा लागतो. वयाने कातडी कोरडी पडते आणि निंदण-वेचणीत जन्म गेलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र अंगठा ओळखत नाही आणि आजींना उद्या या म्हणून सांगितले जाते. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांपुढे जातो. म्हणजे कामे सकाळी अकराच्या आत उरकायची, आणि कचेऱ्यांची खरी वेळ तर त्यानंतरची. या तिन्ही ठिकाणी डॉक्टर फार काही करू शकत नाही. एसटीचे आगार, बँक, तहसील आणि ग्रामपंचायत मात्र करू शकतात. रोजच्या दिवसाचा अभ्यास मला इतका महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. आपण ज्याला वय म्हणून सोडून देतो, त्यातला बराच भाग पायरीची उंची, खिडकीची वेळ आणि माणसाची घाई यांचा असतो. तो बदलता येतो.

दिवस मोजण्याची आणखी एक रीत सरकारकडेच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019मध्ये आणि पुन्हा 2024मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाने माणूस काय करत होता, याची ती नोंद. ही रीत वृद्धांच्या घरी नेली की एक गैरसमज गळून पडतो. नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणे, डाळ-तांदूळ निवडणे, दळण आणणे, सून कामावर गेली असताना घर राखणे, अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराचे सगळे करणे, ही कामे अर्ध्या तासांच्या रकान्यांत लिहिली की ‘बसून असलेली’ म्हातारी दिवसातले किती तास राबते ते कागदावर येते. आश्रितांच्या यादीत टाकलेला माणूस घराचा आधार असल्याचे पुष्कळदा दिसते.

मग नालवाडीत असा अभ्यास करायचा तर कसा? गाव आता वर्धा शहराला जवळजवळ चिकटले आहे, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. अशा ठिकाणी मोलमजुरी केलेले वृद्ध आणि पेन्शनवर जगणारे वृद्ध यांना वेगवेगळे भेटायला हवे. दोघांचे वय सारखे असले तरी दिवस सारखे नसतात. मुलाखत शक्यतो मुला-सुनेच्या समोर घेऊ नये, कारण घरच्यांची बाजू सावरून घेण्याची सवय आपल्याकडे खोल आहे. बाईने बाईशी बोलावे, आणि बोलणे वऱ्हाडी बोलीतच व्हावे. “तुम्हाला काही त्रास आहे का?” असे विचारले की “वयच झालं आता” एवढेच उत्तर येते. “काल सकाळपासून काय काय केले?” असे विचारले की दिवस उलगडतो. त्याहून चांगले म्हणजे सोबत चालत जावे : घरापासून रेशन दुकानापर्यंत, बँकेपर्यंत, देवळापर्यंत. कुठे थांबावे लागले, कुठे टेकायला जागा नव्हती, कुठे वाहनांची भीती वाटली, ते रस्त्यावरच टिपावे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969पासून आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची परंपरा आहे. घरोघरी जाऊन बसण्याची सवय या जिल्ह्याला नवी नाही.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ज्यांनी सांगितले, त्यांच्याकडे निष्कर्ष परत गेले पाहिजेत. कुठल्या अडचणीला आधी हात घालायचा, याचा क्रम वृद्धांनी स्वतः लावावा. 1 ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ज्येष्ठांचा दिवस. त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, तेही चांगलेच. पण दुसऱ्याच दिवशी, 2 ऑक्टोबरला, महाराष्ट्रातल्या गावोगावी ग्रामसभा भरते. शाल घेतलेल्या हातांनीच पहिल्या पाच अडचणींचा कागद त्या सभेत ठेवावा, त्यावर ठराव व्हावा आणि पुढच्या ग्रामसभेत कोणते काम झाले ते विचारले जावे. एवढे झाले तर संशोधन आणि गाव दोघेही आपापले काम नीट करत आहेत, असे म्हणता येईल.

पुढील भागात : विसरणे कुठवर वयाचे आणि कुठून आजाराचे? स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा आणि त्याला सांभाळणाऱ्याचा दिवस.