सहा फूट दहा इंच

इंग्लंडच्या कालव्यांवरच्या नॅरोबोटीची रुंदी सहा फूट दहा इंच असते, आणि ती कुणाच्या हौशीने ठरलेली नाही. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी जेमतेम सात फूट रुंदीची लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारी दारांची कुंडं, आखली. १७६६ साली सुरू झालेल्या त्या कामाचं माप मिडलंड्समधल्या बऱ्याच कालव्यांनी पुढे उचललं. चढ-उतारावर बोट लॉकमधूनच वर-खाली जाते, म्हणून आजही तिला त्याहून रुंद होता येत नाही. माझी मामेबहीण आणि तिचे यजमान साठीनंतर लेस्टरमधलं घर विकून ऑक्सफर्ड कालव्यावर अशा बोटीत राहायला गेले, तेव्हा सामान लावायला मी गेलो होतो. लांबी सत्तावन्न फूट, आणि आत माणसाच्या वाट्याला येते ती सहा फुटांची पट्टी.

बोटीत राहायचं तर सगळं हलकं हवं, असं बाहेरच्याला वाटतं. भावोजींनी जमिनीची फळी उचलली, तर खाली पोलादी पट्ट्यांच्या मधे ओळीने विटा रचलेल्या. सपाट बुडाची बोट रिकामी असली की उंच तरंगते, डुलते, बोट ढकलणारा पंखाही पुरेसा पाण्यात जात नाही. म्हणून तिला मुद्दाम जड करतात. वजनाची भीती नसते. ते वजन कुठे आहे, याला सारं महत्त्व. ताईची पुस्तकं डाव्या भिंतीवरच्या फळ्यांवर चढली आणि त्या संध्याकाळी तव्यावर सोडलेलं तेल एका कडेला जमून राहिलं. धिरडं एकीकडे जाड, दुसरीकडे करपलेलं. सकाळी भावोजी गुडघ्यांवर बसून डावीकडच्या विटा काढून देत होते, मी त्या उजवीकडे सारत होतो आणि ओट्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून ताई सांगत होती, “अजून दोन.” पुढच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, साधारण पाचशे लिटरची. ती रिती होईल तसं बोटीचं नाक वर येतं, म्हणून लांबीचा तोल टाकी अर्धी भरलेली असताना पाहायचा.

सामान कमी करणं म्हणजे काय टाकायचं याची यादी, असं नाहीच. घरातून काढलेल्या प्रत्येक वस्तूचं काम कुणीतरी करायचं असतं. मिक्सर साडेसातशे वॅटचा; बारा व्होल्टच्या बॅटरीतून तो साठ अँपिअरच्या वर ओढतो. हिवाळ्यात छतावरची सौर पॅनेलं जवळजवळ काहीच देत नाहीत, तेव्हा वाटणघाटण इंजिन चालू असेल त्या दिवशी. एरवी खलबत्ता. तो उजव्या बाजूला आहे, विटांच्या सोबतीला. कुकर राहिला, कारण तो गॅस वाचवतो. सिलिंडर मात्र बाहेर, नाकाशी वेगळ्या कप्प्यात. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो बुडात साचला तर बाहेर पडायला वाट नाही. म्हणून त्या कप्प्याला तळाशी भोकं असतात, गॅस बाहेर पाण्याच्या अंगाला निघून जावा यासाठी.

शौचाच्या कप्प्याबद्दल लोक बोलायचं टाळतात, पण रोजचं जगणं तिथूनच कळतं. खाली वीसेक लिटरची हाताने ओढता येणारी पेटी असते. दोघांत ती दर दोन-तीन दिवसांनी भरते, आणि ठरावीक ठिकाणी नेऊन स्वतः रिकामी करून धुवावी लागते. आपला मैला आपल्या हाताने वाहून नेताना आपल्याकडे हे काम कुणाच्या गळ्यात घातलं गेलं, याचा विचार मला सोडत नव्हता. आजही सोडत नाही.

या कालव्यांवर माणसं राहिली ती आधी नाइलाजाने. रेल्वेशी स्पर्धेत भाडी उतरली, घरभाडं परवडेना, तेव्हा मालवाहू बोटवाल्यांनी बायकामुलांना बोटीवरच आणलं. मागच्या दहाएक फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब, उरलेली बोट कोळशाची. गर्दी इतकी वाढली, की १८७७ साली कायदा करून बोटींची नोंदणी आणि माणसांची मर्यादा ठरवावी लागली. स्वखुशीचं बोटीवरचं घर लोकांच्या मनात भरलं ते एल. टी. सी. रोल्ट यांच्या १९४४ सालच्या ‘नॅरो बोट’ या पुस्तकामुळे. ताई-भावोजींनी हे आयुष्य निवडलं. त्या खोलीतल्या बायकांना निवड नव्हती. दोन्हींना एकाच मापाने ‘साधं राहणं’ म्हणणं मला पटत नाही.

निवडलेल्यालाही नियम आहेत. बोट लावायची कायमची जागा नसेल, तर १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टची माणसं काठाने फिरून बोटींचे नंबर टिपतात. ताई-भावोजींची पत्रं लेकाच्या पत्त्यावर येतात. दवाखान्याची तारीख पुढची असली, की तोवर आपण कुठल्या गावाशी असू, हे आधी मोजावं लागतं.

आणि लॉक आहेतच. विंडलास नावाच्या हँडलने झडप उघडायची, पाणी सारखं झालं की लाकडी दांड्याला पाठ लावून दार ढकलायचं. ऑक्सफर्ड कालव्यातल्या नॅप्टनच्या चढावर अशी लॉक एकामागोमाग येतात. भावोजी सुकाणूवर, ताई दाराशी. चुलीसाठी पंचवीस किलोची कोळशाची पोतीही छतावरून उतरवायची असतात. हे दार पाठीने ढकलवणार नाही त्या वर्षी बोट विकायची, असं ताईने ठरवलंय. घर विकलेल्या पैशांतले काही त्यासाठी बाजूला आहेत, एका खोलीच्या फ्लॅटपुरते. तो कुठे घ्यायचा यावर मात्र दोघांचं एकमत नाही: भावोजींना लेस्टरला, लेकाजवळ हवाय, ताई म्हणते, खिडकीतून कालवा दिसला पाहिजे.