पंचनाम्याचा दिवस

ऑक्टोबर 1993, उमरगा तालुका. 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि तेरणाकाठची गावं जमीनदोस्त झाली. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. ढिगारे उपसायला लष्कर आलं. मागाहून आम्ही आलो, ते नुकसान मोजायला. पथकात तलाठी, ग्रामसेवक आणि बांधकाम खात्याचा कनिष्ठ अभियंता म्हणून मी. वाट्याला आलेलं गाव मात्र उभं होतं.

सकाळी 6. भूकंपानंतर पडलेल्या पावसाने रानाला वाफसा आलाय. ज्वारीची पेरणी थांबणार नाही. आठ वाजले की गावात म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात. म्हणून चहाआधीच पहिल्या दारात. सोबत पोलीस पाटील, दोन पंच आणि कोतवाल. माझ्याकडे टेप, ओळंबा, हातोडी.

सकाळी 7. पहिलंच घर पाच खणी माळवद. बाहेरून भिंत धडधाकट दिसते. ओळंबा सोडला तर मधोमध चार बोटं फुगलेली. हातोडीने ठोकत गेलं की एका जागी आवाज पोकळ येतो. इथल्या भिंती अडीच-तीन फूट जाड, आणि त्या जाडीचा घरधन्याला अभिमान. पण ती एकसंध भिंत नसते. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. जमीन हलली की थर एकमेकांपासून सुटतात, आणि बाहेरचा थर गल्लीत किंवा आतला झोपलेल्या माणसावर येतो.

वर पांढऱ्या मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवा थर, जुना कोणी काढत नाही. मी कोपऱ्यात पहार घालून जाडी मोजली: दीड फूट. दहा बाय दहाच्या खोलीवर एवढी माती म्हणजे सहा-सात टन. किल्लारीकडे पाहिलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. काही घरांच्या भिंती चारी बाजूंनी कोसळल्या, तरी लाकडी खांब आणि तुळया वरचं माळवद तोलून तशाच उभ्या राहिल्या. ज्यांचं माळवद खांबांवर होतं त्यांना बाहेर पडायला फट मिळाली. भिंतीवरच विसावलेलं माळवद थेट खाली आलं.

घरची बाई अंगणातल्या कडब्याच्या खोपीत स्वयंपाक करतेय. तिने तलाठ्याला सांगितलं, "सायेब, पडलं न्हाई म्हनून निरंक लिवू नगासा. आत जायाला जीव धजत न्हाई." तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. छापील अर्जात 'पूर्ण पडझड' आणि 'अंशतः पडझड' एवढेच रकाने. भेगाळलेलं, फुगलेलं, पुढच्या धक्क्याची वाट पाहणारं घर त्यात बसत नाही. मी शेऱ्यात भिंतीची जाडी, फुगवटा, कोपऱ्यातल्या उभ्या भेगा, मातीची उंची असं सगळं लिहितो. त्याने वेळ लागतो, तलाठी वैतागतात. लागू दे.

दुपारी 12. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर एकाचं, प्रत्यक्षात आत तीन भावांच्या तीन चुली. नाव अजून वारलेल्या आजोबांचंच. धाकट्याची विधवा मागच्या खणात राहते, तिचं नाव कुठेच नाही. आम्ही चुली मोजायचं ठरवलं आणि तिचा जबाब वेगळा घेतला. मदत कागदावरच्या नावालाच मिळते, म्हणून हे काम भिंत मोजण्याइतकंच जबाबदारीचं.

दुपारी 3. धक्का. लहानसाच, पण सगळी गल्ली क्षणात मैदानात. सकाळची फुगलेली भिंत पुन्हा पाहिली, भेग बोटभर रुंदावली होती. कोतवालाने त्या बोळातून गुरं नेणं बंद करवलं.

हमरस्त्यावर मदतीचे ट्रक जातात, या गावाकडे वळत नाहीत. गावाला हवेत पत्रे, बांबू, कंदील आणि पेरणीचं बी. तशी यादी तहसीलला धाडली.

संध्याकाळी 6. चावडीवर दिवसभराचे पंचनामे मोठ्याने वाचतो, मगच पंचांच्या सह्या-अंगठे. दोन हरकती आल्या, एक खरी निघाली. कागद तिथेच दुरुस्त केला.

रात्री 9. कंदिलाशी बसून कार्बन घालून प्रती.

पुढे 52 गावं नव्या जागी वसली. जमीनधारणेप्रमाणे 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. जागतिक बँकेच्या कर्जातून 1994 पासून चाललेल्या कार्यक्रमात उभ्या पण भेगाळलेल्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीलाही पैसा आला. भिंतीत आरपार दगड बसवा, माळवदाची माती कमी करा, खांब-तुळईला तिरकस टेकू द्या, हेच त्यातलं मुख्य काम होतं.

मराठवाड्यात माळवदं आजही आहेत. तुमच्या गावी असेल तर यंदा नवी माती टाकण्याआधी जुनी किती साचली आहे ते मोजा, आणि फुटाच्या वर निघाली तर आधी ती उतरवा.