पीक काढणीला, मजूर पसार : अमेरिकेत राज्यागणिक वेगळा कायदा

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात विडेलिया गावाच्या आसपास गोड कांदा होतो. आपल्या कांद्यासारखा तो तिखट नाही. पाणी जास्त, साल नाजूक. यंत्राने काढला तर मार लागतो, म्हणून हातानेच उपटायचा आणि हातानेच पात व मुळे कापायची. १९९८ सालच्या मे महिन्यात ऐन काढणीत केंद्र सरकारच्या परकीय नागरिक खात्याने या शेतांवर धाड घातली. पकडले थोडेच, पण बातमी पसरताच मजूर रान सोडून पसार झाले. कांदा जमिनीत तसाच! त्यावर जॉर्जियाच्या लोकप्रतिनिधींनीच वॉशिंग्टनला तक्रार केली की धाडीमुळे आमचा शेतकरी बुडतो आहे. खात्याने हात आखडता घेतला आणि शेतकऱ्यांशी तडजोड करून तेवढा हंगाम निभावून नेला.

त्याच जॉर्जियाने तेरा वर्षांनी काय केले ते पुढे येईलच. आधी थोडी पार्श्वभूमी पाहू.

अमेरिकेच्या श्रम खात्याच्या पाहणीनुसार पीककामावरच्या दर दहा मजुरांमागे साधारण चार मजुरांकडे तिथे राहण्याचे कागद नाहीत. यातले बहुतेक मेक्सिकोचे. त्यांना बोलावले कोणी? सुरुवात सरकारनेच केली. १९४२ ते १९६४ या काळात करार करून मेक्सिकोतून हंगामी मजूर आणले जात. करार संपला, पण पिकाची गरज काही संपली नाही. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात कायदा होऊन सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. त्याच कायद्याने जाणूनबुजून बिनकागदी माणूस कामाला ठेवणे गुन्हा ठरवले. मजुराने दाखवलेला कागद वरवर खरा दिसला की मालक मात्र सुटतो. ही फट सगळ्यांना ठाऊक आहे.

आता प्रश्न असा की देश एक, मग राज्याराज्यांत फरक कसा? देशात कोणी यायचे, कोणी राहायचे हे केंद्र ठरवते. पण शाळा, दवाखाना, वाहन परवाना, धंद्याचा परवाना आणि स्थानिक पोलीस ही खाती राज्याकडे. शिवाय १९९७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच, म्हणजे बंदुकीच्या कायद्याच्या खटल्यात सांगितले की केंद्राला राज्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपता येणार नाही. त्यामुळे एखादे राज्य केंद्राला मदत करते, तर दुसरे हात बांधून उभे राहते.

कॅलिफोर्निया हे फळे-भाजीपाल्याचे सर्वात मोठे राज्य. आज ते मजुरांच्या बाजूचे मानले जाते, पण नेहमीच तसे नव्हते. १९९४ साली तिथल्या मतदारांनी १८७ क्रमांकाचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर केला. बिनकागदी माणसाला सरकारी शाळा बंद, तातडीचा सोडून दवाखानाही बंद, असा तो ठराव. न्यायालयाने तो अडवला आणि १९९९ साली राज्याने नादच सोडला. त्यानंतर वारे फिरले. २००१ साली अशा मुलांना कॉलेजात स्थानिक विद्यार्थ्याइतकीच फी लागू झाली. २०१५ पासून वाहन परवाना मिळू लागला. आपल्याला ही बाब किरकोळ वाटेल, पण तिथे घर एकीकडे आणि बाग चाळीस-पन्नास मैलांवर, एस.टी. नाही. परवान्याविना गाडी चालवताना पकडले गेले की हद्दपारीची भीती. म्हणजे परवाना हा मजुराच्या रोजगाराचाच भाग झाला. आज १९ राज्ये असा परवाना देतात. २०१८ पासून कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी केंद्राच्या हद्दपारी खात्याला किती मदत करायची यावर राज्याने कायद्यानेच मर्यादा घातली.

मला स्वतःला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो २००५ चा उन्हाचा नियम. शेतात काही मजूर उष्माघाताने दगावल्यावर तो झाला. प्यायला पाणी, बसायला सावली आणि विश्रांती मालकाने द्यायचीच. आजच्या नियमाप्रमाणे पारा सुमारे २७ अंश सेल्सिअसला पोचला की सावली तयार हवी. मजुराकडे कागद आहेत की नाहीत हे तिथे विचारले जात नाही. (आपल्याकडे ४२ अंशांत हळदीच्या रानात बाया काम करतात, त्यांच्यासाठी बांधावर साधे कापडसुद्धा ताणलेले नसते.)

आता दुसरी बाजू बघा. २०११ साली जॉर्जिया आणि शेजारच्या अलाबामा राज्याने कडक कायदे केले. पोलिसांना कागद तपासण्याचा अधिकार आणि मालकांना ई-व्हेरिफाय नावाच्या केंद्राच्या संगणक प्रणालीवर मजुराची पडताळणी सक्तीची. जॉर्जियात कायदा लागू व्हायच्या आधीच मजूर दुसऱ्या राज्यांत निघून गेले. राज्याच्या कृषी खात्याच्या पाहणीत शेतावरच्या सुमारे ११ हजार जागा रिकाम्या निघाल्या. काकडी आणि ब्लॅकबेरी तोडणीअभावी रानातच गेली. राज्यपालांनी तोड सुचवली की शिक्षा झालेले, पण देखरेखीखाली मोकळे असलेले कैदी तोडणीला लावा. प्रयोग झाला. बरेच जण दिवस संपायच्या आत काम टाकून गेले. काकडी वाकून तोडणे हे कसबाचे काम आहे, ते कुणालाही जमते हा बाहेरच्यांचा गैरसमज.

अलाबामाने तर शाळेत नाव घालताना मुलाचा दर्जा तपासायला लावला. कायदा लागू होताच एकाच दिवशी लॅटिन वंशाची दोन हजारांवर मुले गैरहजर राहिली. टोमॅटो पिकवणाऱ्या डोंगरपट्ट्यात माल वेलीवर सडला. पुढे न्यायालयाने शाळेची अट रद्द केली आणि २०१३ पर्यंत त्या कायद्याचे बरेच दात काढले गेले. शाळेचा मुद्दा खरे तर १९८२ सालीच निकाली निघाला होता. टेक्सास राज्याने अशा मुलांसाठी पैसा नाकारला होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की आईबापाच्या चुकीपायी मुलाची शाळा तोडता येत नाही.

टेक्सासचे वागणेही मजेशीर. कॅलिफोर्नियाच्याही आधी, २००१ मध्येच, कॉलेजची फी कमी करणारे हे पहिले राज्य. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने दावा लावताच राज्याने विरोध न करता ती सवलत सोडून दिली. फ्लोरिडाने २०२३ मध्ये २५ किंवा जास्त कामगार असणाऱ्या मालकांना ई-व्हेरिफाय सक्तीचे केले आणि दवाखान्यांना रुग्णाचा दर्जा विचारायला लावला. उत्तर द्यायचे की नाही हे रुग्णाच्या मर्जीवर. ॲरिझोनाचा २०१० चा कायदा गाजला, पण २०१२ मध्ये न्यायालयाने त्यातली तीन कलमे उडवली.

मग कडक राज्यांतले शेतकरी करतात काय? एच-२ए नावाच्या हंगामी व्हिसावर मजूर आणतात. २००५ साली अशा सुमारे ४८ हजार जागा मंजूर होत्या, २०२३ मध्ये त्या पावणेचार लाखांच्या पुढे गेल्या. फ्लोरिडा आणि जॉर्जिया यात आघाडीवर. येण्या-जाण्याचा खर्च, राहायला घर आणि सरकारने ठरवलेली मजुरी मालकाने द्यायची. मोठ्या बागाइतदाराला ते परवडते, वीस-पंचवीस एकरवाल्याला जड जाते. आणि मजूर त्या एकाच मालकाशी बांधला जातो. उचल घेतलेल्या ऊसतोड्याची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे फोडून सांगायला नको.

कनवाळू राज्याची छत्रीही पुरी नाही. जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हेंचुरा जिल्ह्यात केंद्राच्या धाडीत तीनशेवर लोक पकडले गेले. काचघराच्या छपरावरून पडून एक मजूर मरण पावला. राज्याच्या कायद्याने राज्याचे पोलीस बाजूला राहतात, केंद्राचे थांबत नाहीत. पैशाचीही मर्यादा आहे. जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने सर्व वयाच्या बिनकागदी गरिबांना सरकारी आरोग्य योजना खुली केली होती. बजेट तुटीत गेले आणि जानेवारी २०२६ पासून प्रौढांची नवी नोंदणी बंद झाली.

हे सगळे दूरचे वाटेल, पण ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात परत पाठवलेले १०४ भारतीय होते. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, पण तिघे महाराष्ट्राचेही. तेव्हा सरपंच मंडळींनी एवढे करावे. गावातल्या पोराला कोणी ‘तिकडे शेतात काम आहे, कागद नंतर होतील’ म्हणून जमीन गहाण ठेवायला लावत असेल, तर पैसे देण्याआधी त्या एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, ती तालुक्याच्या सेवा केंद्रात बसूनही पाहता येते.