मागचा आवाज कळतो कसा?

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (1973) मधील घड्याळांचे ठोके स्टिरिओवर समोरूनच येतात; सराउंड मिश्रणात ते चहूबाजूंनी घणघणतात. पण आपल्याला कान दोनच! मग मागची बाजू कळते कशी?

बाजूचा आवाज लांबच्या कानाशी फार तर 0.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्यावरून डावे-उजवे कळते. नेमका समोरचा किंवा मागचा आवाज मात्र दोन्ही कानांशी एकदमच येतो. तिथे कानाच्या पाळीच्या वळ्या उंच स्वरांत फरक करतात. खर्जात त्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे मान कामी येते.

वर्गात एखाद्याचे डोळे बांधा, मान स्थिर ठेवायला सांगा आणि कधी नाकासमोरून, कधी पाठीमागून खर्जात गुणगुणा. आम्ही करून पाहिले, तेव्हा आम्हीच फसलो! मान वळवू दिली की उत्तर सुधारते. साधे हेडफोन मानेबरोबरच वळतात. म्हणून असे अल्बम आम्हाला खोलीत मांडलेल्या स्पीकरांवरच आवडतात.