डावखुऱ्याचा तिरका चेंडू : श्रीरामपूरचा झहीर खान

मंडळी, आर्वीच्या मैदानावरही आपण बघतो, डावखुरा जलद गोलंदाज आला की उजव्या हाताचा फलंदाज जरा चुळबुळतो. चेंडू लेगकडून सुटतो आणि तिरका ऑफकडे जातो. तो तसाच जाणार म्हणून बॅट पुढे करावी, तर एखादा वळून आत येतो. मग पायचीत नाहीतर त्रिफळा.

श्रीरामपूरच्या झहीर खाननं ही विद्या पोटात घातली, पण सहज नव्हे. इंजिनीअरिंग सोडून तो मुंबईत आला, रणजी मात्र आधी बडोद्याकडून खेळला. २००३च्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या; ७ षटकांत ६७. वेग होता, लगाम नव्हता. पुढे तो संघाबाहेरही गेला.

२००६मध्ये वूस्टरशायरकडून खेळताना त्यानं धाव आखूड केली. खरा झहीर, आमच्या मते, तिथं घडला. २००७मध्ये ट्रेंट ब्रिजला ९ बळी. कसोटीत एकूण ३११.

२०११च्या विश्वचषकात २१ बळी. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात पहिली ५ षटकं, ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. शेवटी मार पडलाच म्हणा, १० षटकांत ६० झाल्या.