पावसातला कोरडा वाफा

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर भर उन्हाळ्यातही दुपारचा पारा जेमतेम १५ अंशांच्या आसपास चढतो. त्यात वारा आणि पाऊस पाचवीला पुजलेले. तरीही तिथे टोमॅटो पिकतात, बोगद्यासारख्या लांबट पॉलिहाऊसमध्ये. साधं प्लॅस्टिक वादळात फाटतं, म्हणून तिथल्या मंडळींनी सॅल्मन मत्स्यशेतीतले टाकाऊ पाइप वाकवून सांगाडा केला आणि वर पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवले. नाव ठेवलं ‘पॉलिक्रब’.

आत ऊब येते कशी? उन्हाने माती तापते, माती हवेला तापवते आणि ती हवा वाऱ्याला पळवून नेता येत नाही. एवढंच. रात्री ही ऊब फारशी टिकत नाही.

मला दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो: पानं कोरडी राहतात. उशिरा येणाऱ्या करप्याचे बीजाणू रुजायला पानावर ओल लागते. १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा उद्ध्वस्त केला तो याच रोगाने. पण दारं सतत बंद ठेवली, की आतलं बाष्प छतावरून ठिबकतं आणि फळांवर करडी बुरशी चढते. शिवाय बाहेर धो धो पाऊस असला, तरी आतल्या वाफ्याला थेंब मिळत नाही. तेव्हा पाणी सकाळी आणि बुडाशीच द्यावं, वादळ नसेल तर दिवसा दारं उघडावीत. थोडी ऊब गेली तरी चालेल.